ऋण दहाच्या पायावर लिहिलेले पूर्णांक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या मराठी शाळांतली मुलं, त्यांचे पालक आणि आकडेमोडीची खोड न सुटलेले काही निवृत्त शिक्षक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एक खूण आधी सांगून ठेवतो. ज्या संख्येच्या आधी ‘ऋ’ आहे ती ऋण दहाच्या पायावर लिहिलेली. ज्याच्या आधी नाही ती आपली नेहमीची. ऋ१९२ म्हणजे १२. कपाळाला आठी पडली असेल तर पहिल्यापासून वाचा, नसेल तर थेट नऊच्या पाढ्यावर जा. या पानावरची खरी गंमत तिथे आहे.

ऋण दहाचा पाया म्हणजे नेमकं काय?

नेहमीच्या पद्धतीत उजवीकडून डावीकडे जाताना प्रत्येक घराची किंमत दहापट होते: १, १०, १००, १०००. इथे ती दर घराला −१० पट होते: १, −१०, १००, −१०००, १००००. अंक तेच, ० ते ९. जत्रेच्या हिशेबाच्या वहीत रकाने आळीपाळीने जमा आणि नावे असे आखले तर जसं होईल तसंच हे. एकक, शतक, दशहजार ही घरं जमेची आणि दशक, हजार, लाख ही नावेची.

म्हणून ऋ१९२ = १०० − ९० + २ = १२. आणि ऋ१९ = −१० + ९ = −१.

मग वजाचं चिन्ह कुठे लिहायचं?

कुठेच नाही. −१ म्हणजे ऋ१९, −५ म्हणजे ऋ१५, −९ म्हणजे ऋ११. ऋण संख्या लिहायला वेगळी खूणच लागत नाही, हा या पद्धतीचा सगळ्यात मोठा डौल.

त्याची किंमतही मोजावी लागते. नेहमीच्या लिखाणात ६६ आणि −६६ एकाच चेहऱ्याचे दिसतात. इथे ६६ म्हणजे ऋ१४६ आणि −६६ म्हणजे ऋ७४. या दोघांचं काही नातं असेल असं पाहून वाटतही नाही.

प्रत्येक पूर्णांक असा लिहिता येतोच का? आणि एकच संख्या दोन तऱ्हांनी लिहिली गेली तर?

येतो, आणि एकाच तऱ्हेने येतो. रीत पाहिली की कारण आपोआप कळतं. संख्येला −१० ने भागत जायचं, पण बाकी मात्र कायम ० ते ९ मधलीच ठेवायची. ऋण बाकी चालणार नाही.

गोवा मुक्तीचं वर्ष घेऊ, १९६१. एककाचा अंक १. उरले १९६०, भागिले −१०, म्हणजे −१९६. आता −१९६ मधून किती काढले की दहाचा पट उरेल? ४ काढले तर −२००. म्हणून पुढचा अंक ४, आणि −२०० भागिले −१० म्हणजे २०. वीसचा अंक ०, पुढे −२. त्यातून ८ काढले की −१०, म्हणून अंक ८ आणि उरला १. शेवटचा अंक १. उजवीकडून डावीकडे मांडा: ऋ१८०४१. पडताळा: १०००० − ८००० + ० − ४० + १ = १९६१.

प्रत्येक पायरीला अंक निवडायला वावच नव्हता. दहाने भागल्यावर ० ते ९ मधली एकच बाकी जमते, म्हणून लिखाण एकच. आणि दर पायरीला संख्येचा आकार साधारण दहाव्या हिश्शावर येतो, म्हणून हे कधीतरी थांबतंच.

मुलं चुकतात ती नेमकी ऋण संख्येच्या पायरीवर. −१९६ दिसलं की हात सवयीने ६ लिहितो. तिथे ४ हवेत.

आकडे नुसते मोजून संख्या धन की ऋण हे कळतं म्हणतात. खरं?

खरं. ० सोडलं तर, अंकांची संख्या विषम असेल तर संख्या धन, सम असेल तर ऋण. सगळ्यात डावीकडचं घर जमेचं की नावेचं, यावरच निकाल लागतो. बाकीची घरं कितीही ओढाताण करोत, त्यांना तो फिरवता येत नाही. तीन अंकांत विरुद्ध बाजूने जास्तीत जास्त ९० खेचता येतात, आणि शतकाच्या घरात किमान १०० असतात.

पल्ले मांडून पाहिले की चित्र सुंदर दिसतं. एक अंक: ० ते ९. दोन अंक: −९० ते −१. तीन अंक: १० ते ९०९. चार अंक: −९०९० ते −९१. पाच अंक: ९१० ते ९०९०९. शून्याच्या एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे पल्ला वाढत जातो आणि मध्ये एकही संख्या सुटत नाही. म्हणूनच आपल्या इतिहासातली सालं इथे पाच अंकी होतात: पोर्तुगीजांनी गोवा घेतलं ते १५१० म्हणजे ऋ१९६९०, घटकराज्याचं १९८७ म्हणजे ऋ१८०२७.

दोन संख्यांत मोठी कोणती हे कसं ओळखायचं?

दोन्हींत अंकांची संख्या सारखीच असेल तर डावीकडून चालत जा आणि पहिला वेगळा अंक शोधा. तो जमेच्या घरात असेल तर मोठा अंक जिंकतो. नावेच्या घरात असेल तर उलट, लहान अंक जिंकतो. ऋ१४६ आणि ऋ१७० यांत दशकाच्या घरी ४ आणि ७ आहेत. ४ लहान, म्हणून ऋ१४६ मोठी. खरोखर ती ६६ आहे आणि दुसरी ३०.

बेरजेत हातचा कसा घ्यायचा?

हातचा घ्यायचा नाही, द्यायचा. एका घरात दहा भरले की डावीकडच्या घरातून एक वजा करायचा, कारण ते घर उलट्या चिन्हाचं. वजा करायला तिथे काही नसेल, म्हणजे −१ उरत असेल, तर ९ लिहायचे आणि त्याच्याही डावीकडच्या घरात एक मिळवायचा. ९ + १ करून पाहा. एककात ०, दशकात −१ म्हणून ९, शतकात १. उत्तर ऋ१९०, म्हणजे १०० − ९० = १०.

आता गोव्याचंच एक उदाहरण. बारदेश, तिसवाडी आणि सासष्टी या तालुक्यांच्या नावांत बारा, तीस आणि सहासष्ट आहेत असं परंपरेने सांगतात. १२ म्हणजे ऋ१९२, ३० म्हणजे ऋ१७०, ६६ म्हणजे ऋ१४६. पहिल्या दोघांची बेरीज: एकक २; दशक ९ + ७ = १६, म्हणून ६ लिहा आणि शतकातून एक काढा; शतक १ + १ − १ = १. ऋ१६२, म्हणजे ४२. त्यात ऋ१४६ मिळवा: एकक ८; दशक ६ + ४ = १०, म्हणून ० लिहा आणि शतकातून एक काढा; शतक पुन्हा १. उत्तर ऋ१०८.

आणि नेहमीच्या पद्धतीतही १२ + ३० + ६६ = १०८ च.

म्हणजे १०८ दोन्हीकडे सारखीच? हा जपमाळेचा महिमा का?

महिमा दशकाच्या घरातल्या शून्याचा. नावेची सगळी घरं रिकामी असली की दोन्ही पद्धतींचं लिखाण तंतोतंत एकच होतं. १०० ते १०९, २०० ते २०९, ३०५, ९०९, ४०१०२ या सगळ्या तशाच. एक हजाराच्या आत अशा बरोबर १०० संख्या आहेत, ० धरून.

उलट, जमेची घरं रिकामी असतील तर लिखाण तेच पण चिन्ह उलटं: ऋ७० म्हणजे −७०, ऋ१०१० म्हणजे −१०१०. तालुक्यांची बेरीज नेमकी १०८ वर येऊन पडली हा निव्वळ योगायोग, पण वर्गात सांगायला फार कामाचा.

नऊच्या पाढ्याचं काय होतं?

लिहून पाहा. ९ नंतर: ऋ१९८, ऋ१८७, ऋ१७६, ऋ१६५, ऋ१५४, ऋ१४३, ऋ१३२, ऋ१२१, ऋ११०.

ओळखीचं वाटलं? ‘ऋ’ झाकून वाचलं तर हा अकराचा पाढा आहे, अठराव्या ओळीपासून दहाव्या ओळीपर्यंत उलटा म्हटलेला. आता अकराचा पाढा लिहा: ऋ१९१, ऋ१८२, ऋ१७३, ऋ१६४, ऋ१५५, ऋ१४६, ऋ१३७, ऋ१२८, ऋ११९, ऋ२९०. दशकाचा अंक एकेक उतरतो, एककाचा एकेक चढतो. ही चाल तर आपल्या नऊच्या पाढ्याची, ०९, १८, २७, ३६. आणि प्रत्येक ओळीतल्या अंकांची बेरीज? दर वेळी ११.

नऊ आणि अकरा यांनी जागा बदलल्या आहेत. कारण असं: १० ला ९ ने भागलं की बाकी १ उरते, म्हणून नेहमीच्या पद्धतीत ९ ची कसोटी अंकांच्या सरळ बेरजेने होते, आणि १० हे ११ ला एक कमी, म्हणून ११ ची कसोटी एकाआड एक अधिक-वजा करून होते. −१० चं नेमकं उलट. ते ११ च्या पटीपेक्षा एक जास्त आहे (−११ + १) आणि ९ च्या पटीपेक्षा एक कमी (−९ − १). म्हणून इथे अंकांची सरळ बेरीज ११ ची कसोटी, आणि एकाआड एक अधिक-वजा ही ९ ची.

आपण लहानपणी नवाचा ताळा पाहायचो तसा इथे अकराचा ताळा पाहायचा. ऋ१८०४१ च्या अंकांची बेरीज १४, म्हणजे ११ ने भागल्यावर बाकी ३. १९६१ ला ११ ने भागा, बाकी ३ च. रूपांतर बरोबर आहे की नाही हे तपासायचा हा सर्वांत झटपट मार्ग. फक्त एवढं लक्षात ठेवा, शेजारचे दोन अंक अदलाबदल झाले तर सरळ बेरजेला पत्ता लागत नाही. ती चूक नऊची अधिक-वजा कसोटी पकडते. अपवाद ० आणि ९ च्या अदलाबदलीचा.

मला विचाराल तर एवढ्यासाठी तरी ही पद्धत शाळेत एकदा दाखवायला हवी. ‘नऊच्या पाढ्यातल्या अंकांची बेरीज नऊ’ हे मुलांना नऊच्या अंगचं वैशिष्ट्य वाटतं. ते दहाने लिहिण्याच्या आपल्या सवयीचं आहे.

बाकीच्या कसोट्या?

२, ५, १० च्या तशाच, शेवटचा अंक पाहून. ४ ची कसोटीही गंमत म्हणजे अक्षरशः तीच: शेवटचे दोन अंक नेहमीसारखे वाचा आणि ४ ने भाग जातो का पाहा. ऋ१९२ मध्ये ९२, भाग जातो. १२ लाही जातो. २५ ला मात्र ही सोय नाही. तिथे शेवटी ००, ३५, ५० किंवा ८५ हवेत.

३ ची कसोटी ९ सारखीच, अधिक-वजा करून. ७ आणि १३ साठी उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून त्यांच्या किमतींची नुसती बेरीज करायची. −१० चा घन −१०००, आणि १००१ = ७ × ११ × १३, म्हणून −१००० ला यांपैकी कशानेही भागलं तरी बाकी १ उरते. पणजीचा पिनकोड घ्या, ४०३००१. तो इथे सात अंकी होतो, ऋ१६१७००१. गट: ऋ१, ऋ६१७, ऋ००१, किमती १, ५९७, १, बेरीज ५९९. तेराने भागल्यास बाकी १, सातने भागल्यास ४. मूळ पिनकोडाला भागून पाहा, तेच.

मूळ संख्या बदलतात का?

नाही. सतरा नारळांच्या सारख्या राशी करता येत नाहीत, ते आकडा कसाही लिहिला तरी. सम-विषमपणा, मूळ असणं, वर्ग असणं हे संख्येचे स्वतःचे गुण. अंकांची बेरीज, उलटसुलट सारखं असणं, सगळे एक असणं हे लिखाणाचे.

नुसत्या एक-एकांच्या संख्यांत हे दोन्ही प्रकार एकमेकांना भिडतात. ऋ१११ = ९१. ही मूळ वाटते पण ७ × १३ निघते. ऋ१११११ = ९०९१ खरोखर मूळ आहे, आणि सात एकांची ऋ१११११११ म्हणजे ९०९०९१ हीसुद्धा. त्यानंतर थेट एकोणीस एकांची, मग एकतीस एकांची. मधल्या अकरा एकांच्या संख्येवर वेळ घालवू नका. अंकांची बेरीज ११ आहे, म्हणजे ११ ने भाग जाणारच.

उलटसुलट वाचली तरी तीच राहणारी संख्या, जसं १२२१. तिचं इथे काही खास?

नेहमीच्या पद्धतीत सम अंकांच्या अशा प्रत्येक संख्येला ११ ने भाग जातो. इथे अर्थातच ९ ने. ऋ१२२१ = −१००० + २०० − २० + १ = −८१९, म्हणजे −९ × ९१. आणि अंक सम असल्याने अशा सगळ्या संख्या ऋण.

गुणाकार जमतो का?

जमतो, फक्त हातच्याचा नियम उलटा. हातचा येतच नसेल तर आपले पाठ असलेले वर्ग जसेच्या तसे चालतात: ऋ१२ × ऋ१२ = ऋ१४४, ऋ१३ × ऋ१३ = ऋ१६९. पहिल्यात खरं तर −८ चा वर्ग ६४ आहे, दुसऱ्यात −७ चा ४९.

पोर्तुगीज काळात आमचे आजोबा रुपये, तांगे आणि रेइस मोजायचे. तोही वेगळा पायाच ना?

हो, आणि तोही एक नाही, मिश्र. एका रुपयाचे १६ तांगे, एका तांग्याचे ६० रेइस, म्हणजे रुपयाचे ९६० रेइस. १००० रेइस म्हणजे १ रुपया ० तांगे ४० रेइस. तांग्यांचा आकडा १६ च्या खाली आणि रेइसचा ६० च्या खाली ठेवला की लिखाण इथेही एकमेव राहतं. घरागणिक पाया बदलला तरी चालतं, ही गोष्ट त्या पिढीला कुणी शिकवावी लागली नाही. शिवाय ९६० ला ३ ने पूर्ण भाग जातो: तिघा भावांत रुपया वाटला तर प्रत्येकी ५ तांगे २० रेइस, बाकी शून्य. पुढे १०० सेंताव्होंचा एस्कुदो आला, १९५८ सालच्या त्याच्या नाण्यांत ही सोय उरली नाही.

हे काढलं कोणी? उपयोग काय?

धन आणि ऋण यांचे हिशेबाचे नियम ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये मांडले. ऋण गुणिले ऋण धन, हा त्यातलाच, आणि आपलं शतकाचं घर जमेचं होतं ते त्याच्यामुळे. पायाच ऋण घ्यायची कल्पना मात्र बरीच नंतरची. इटलीतल्या व्हित्तोरिओ ग्रुनवाल्ड यांनी १८८५ मध्ये ती सविस्तर मांडली. १९५० च्या दशकात पोलंडमध्ये पावलाक आणि वाकुलिच यांनी ती पुन्हा हाती घेतली, आणि तिथे ऋण दोनच्या पायावर चालणारे प्रायोगिक संगणकही झाले. त्यात अंक फक्त ० आणि १, घरं १, −२, ४, −८.

ते टिकले नाहीत. ऋण दोनच्या पायात १ + १ = ११०, म्हणजे एका साध्या बेरजेचा धक्का दोन घरं पुढे जातो. ऋण संख्या साठवायची दुसरी सोपी युक्ती संगणकांना सापडली होतीच. गणितात मात्र ही वाट पुढे गेली. पुढे संगणकशास्त्रज्ञ म्हणून नाव कमावलेल्या डोनाल्ड नुथ यांनी १९५५ मध्ये, शाळकरी वयात, −४ च्या वर्गमुळाचा पाया घेऊन ० ते ३ या अंकांनी संमिश्र संख्या (ज्यांत −१ चं वर्गमूळही येतं त्या) लिहायची पद्धत सुचवली होती.

१ = ०.९९९… हा घोळ इथेही आहे का?

आहे, पण पूर्णांकांना त्याची झळ लागत नाही. इथे दोन तऱ्हांनी लिहिली जाते ती १/११ सारखी संख्या: ऋ०.०९०९… आणि ऋ१.९०९०… दोन्ही तीच. असा घोळ होणाऱ्या प्रत्येक अपूर्णांकाच्या छेदात ११ असतोच, त्यामुळे पूर्णांक कधीच सापडत नाही. या एका बाबतीत ऋण दहा आपल्या दहापेक्षा नीटनेटका आहे.

दहावीच्या परीक्षेत येईल?

नाही.

सरावाला काय द्यावं?

तालुका-शाळा-घर यांतले खरे आकडे द्या. गोव्याचं क्षेत्रफळ ३७०२ चौरस किलोमीटर, विधानसभेच्या ४० जागा, दूधसागरची ३१० मीटर उंची, स्वतःचं जन्मसाल. मग उलट दिशेने: ऋ३७०२ म्हणजे किती? इथे पुष्कळजण धन उत्तर देतात. चार अंक आहेत, तेव्हा ते ऋण यायला हवं. सरावलेल्या मुलांना एवढंच विचारा की कुठल्या तीन अंकी ऋ-संख्येची किंमत तिच्या अंकांच्या बेरजेइतकीच आहे. उत्तरं पाठमोरी छापायची गरज नाही. पहिल्या प्रकारची अकराच्या ताळ्याने तपासता येतात. शेवटच्या प्रश्नासाठी १०० − १ आणि −१० − १ लिहून पाहिलं की ९ आणि १ हे अंक लगेच पुढे येतात. एककाच्या घरात मात्र काहीही चालतं.